पेन्शनवरचा कर आणि सोन्याचा नारळ

६ जुलै २०२४

चाळीस टक्के गेले! कंपनीत असताना एनपीएसच्या पेन्शन खात्यात जे साठलं, त्यातले साठ टक्के हातात, बिनकराचे. उरलेल्या चाळीसची सक्तीने पेन्शन घ्यायची — आणि त्या पेन्शनवर कर! अलिबागचा हर्षद, माझा भाचा, सीए आहे. त्याने हे हसत हसत सांगितलं. पैसे माझे, खुर्ची झिजवली मी! नीरा सुकट निवडता निवडता म्हणाली, "मासलीच्या पैशातून बोटीचा वाटा वेगला काढतात ना, तसाच हाय. तो खायाचा नसतो." बायकोशी पैशाचं बोलू नये हेच खरं.

७ जुलै

रागाच्या भरात धक्क्यावर सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळपर्यंत कोळीवाडाभर झालं — सदाला इन्कम टॅक्स बसतो! बोटीवरचा म्होरक्या येसाजी तांडेल, त्याने स्वतः सरकून बाकावर जागा दिली. राग बराचसा उतरला.

२१ जुलै

नारळी पुनवेची बैठक. यंदा दर्याला वाहायचा सोन्याचा नारळ मी न्यायचा! मी — ज्याला बांधलेल्या बोटीतही मळमळतं, ज्याला हे लोक जन्मभर 'कोरडा कोळी' म्हणत आले. येसाजी म्हणाला, "सदाशेट न्हाय तर कोन?" नवा सदरा शिवायला टाकला.

२ ऑगस्ट

हर्षदने हिशेब केला. पेन्शन महिना साडेसहा हजार. कर शून्य.

"थोडा तरी बसेल ना रे?"

"मामा, एवढ्याशा उत्पन्नाला कर नसतो."

एवढ्याशा! नीराला बजावलं, कुठे बोलू नकोस. जेवण गेलं नाही.

३ ऑगस्ट

नीरा बाजारात गेली आहे. धास्ती वाटते.

१८ ऑगस्ट

राहवलं नाही. येसाजीकडे गेलो, सगळं सांगितलं — कर नाही, नारळ दुसऱ्याला द्या. तो जाळं शिवत होता. म्हणाला, "नीराबायनी कवाच सांगलाय." मग म्हणाला, "कर गेला खड्ड्यात. घरबसल्या पैसा येनार ना, मरेपर्यंत? आमाला दर्या देतो काय पेन्शन?"

त्र्याहत्तर वर्षांचा आहे. उद्या नारळ झाला की यंदाही बोटीवर जाणार आहे. मला फार लाज वाटली.

१९ ऑगस्ट

बोटीतून जाऊन नारळ मीच दर्याला दिला. मळमळलं नाही. परतताना येसाजीने हळूच विचारलं, "माज्या वयात लावता येतं का रं ते, पेन्शनचं?"

सत्तरीनंतर खातं उघडत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, हर्षदला विचारतो.