सात नंबरचा पिंजरा

३ ऑक्टोबर २००५
कामणच्या प्रयोगशाळेत आज पहिला दिवस. मी जाम खूश! गोदामांच्या रांगेतलंच एक गोदाम, पण आत थंडगार एसी. रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांच्या पेशी उंदरांत वाढवायच्या आणि फक्त त्याच पेशींवर नेम धरणारं नवं औषध त्यांना रोज पाजायचं. उंदरांची मला भयंकर किळस. आईला सांगितलंय, पांढरे आहेत, स्वच्छ आहेत. पिंजरे धुणाऱ्या सालोमीबाई प्रेमळ आहेत. पूर्वी इस्पितळात आया होत्या. वाडीतली केळी मला देतात.

७ ऑक्टोबर
उंदीर चावला. शी! चारदा साबण लावला तरी हाताचा वास जाईना. धनुर्वाताचं इंजेक्शन सालोमीबाईंनीच दंडात दिलं. हात इतका हलका की कळलंही नाही.

१९ ऑक्टोबर
बाकीचे उंदीर सुधारले. सात नंबरचे मात्र फुगलेत, डोळ्यांत चिपडं, अंगाला कुबट वास. डबा खाववत नाही. डॉक्टर जयवंती काळजीत आहेत. सातमध्ये औषध हरलं तर काम थांबेल, आणि इस्पितळात अकरा मुलं त्याचीच वाट बघतायत.

२४ ऑक्टोबर
सातच्या बाटलीला मुंग्या! औषध तर कडूजहर. चाखलं, साखरपाणी. सालोमीबाईंनी शांतपणे कबूल केलं. सातमधल्या पेशी त्यांच्या लेकीच्या, बेटी तिचं नाव. ती दोन वर्षांपूर्वी गेली. तिचं जिवंत असं एवढंच उरलंय, ते औषधाने कसं मारू देतील? मग त्यांनी त्या घाणेरड्या उंदराचा मुका घेतला. मला दया यायला हवी होती. आली ओकारी.

२५ ऑक्टोबर
डॉक्टरांना सांगून टाकलं. सातचे उंदीर उद्या मारायचे, नव्यांवर औषध पुन्हा तपासायचं. अकरा मुलांपुढे दुसरं काय करणार?

२६ ऑक्टोबर
पिंजरा रिकामा. सालोमीबाईंनी उंदीर आधीच पुरलेत. म्हणाल्या, आता त्यांची गरज नाय, बेटी सुखरूप आहे. पूर्वी तिच्या पेशी स्वतःच्या दंडात टोचून पाहिल्या होत्या, म्हाताऱ्या अंगाने तिला धरलं नाय. मग माझी बाही वर करून—ती धनुर्वाताच्या इंजेक्शनची जागा—

३० ऑक्टोबर
हिरड्यांतून रक्त. मांड्यांवर निळे डाग. स्वतःच्याच अंगाची किळस—किती घासू—

२ नोव्हेंबर
ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस. सगळे कबरींवर मेणबत्त्या लावतायत. सालोमीबाईंनी लावली नाही. आचोळ्याला माझ्या खोलीवर आल्यात, पेज घेऊन. माझ्याकडे बघतही नाहीत. दंडाशी तोंड नेऊन विचारतात, बेटी, जेवलीस का—

आणि उत्तर माझ्या तोंडून—