नमद्याचं चाक मी बिघडवलं

अब्बा,

पॉलिशच्या लोकरी नमद्याच्या चाकाला हात लावू नका. मी ते मशीनवरनं काढून ठेवलंय.

अंजनामावशींच्या आईच्या अंगठीतल्या अकीकावर ओरखडे उठले, ते तुमच्या नजरेमुळं न्हाई. त्याच्या आदल्या दिवशी तुमी नमाजाला गेल्यावर मी खरखरीत चाकावरचा एक खडा न धुताच नमद्यावर धरला. खड्यावरची जाड पावडर नमद्यात शिरली. ती धुऊन निघत न्हाई, हे तुमीच मला शिकवलंय. तरी मी तुमाला सांगितलं न्हाई, आणि तुमी त्याच चाकावर मावशींचा खडा धरला.

तुमी त्यांना म्हणालात, "माफ करा, आता मला दिसत न्हाई. हे काम मी सोडतो." तवा मी दारातच हुते. चार दिवस झाले, तुमी मशीनपाशी बसला न्हाई.

मी म्हसवडला मावशींकडं चाललेय. सगळं खरं सांगून खडा परत मागते. दिलाच, तर तो नव्या नमद्यावर तुमच्याच हातनं व्हायला पायजे.

भाजी झाकून ठेवलीय, जेवून घ्या. हे तोंडावर सांगायला सकाळी तुमच्यापाशी दोनदा आले, अब्बा. दोन्ही वेळा चहा ठेवून परत गेले.

सबीना