चोरलेली हाक

४ मार्च
चोर! उघडउघड चोर! सोनपेठच्या रामप्रसादनं त्याच्या रीलमध्ये माझी मेंढरांची हाक चोरली. तेच लांब हेल, तसाच शेवटी खाली सोडलेला आवाज. डोक्याला टॉवेलसुद्धा माझ्यासारखाच! वर लोक त्याला म्हणायलेत, एक नंबर भाऊ. अरे, ह्याच हाकेच्या रीलवर तर मी नाव कमावलं. सेलूच्या बाजारात पोरं मला बघून हाक काढतेत!
फोन केला तर म्हणतो, "महारुद्रभाऊ, हाकेवर तुझा सातबारा हाय का?"
जेवण गेलं नाही. नंतर गेलं. वांगी लय चांगली झालती.

५ मार्च
जाब विचारायला सोनपेठला निघालो. पाथरीत एकजण जुने रेडिओ विकायला बसलेला. बघत बसलो. बस गेली.

८ मार्च
पूर्णा स्टेशनवर दिपालीनं मुलाखत घेतली. कॉलेजात शिकते, स्वतःचं चॅनल आहे. रामप्रसादचं सगळं सांगितलं. तर तिनं भलतंच विचारलं — ही हाक तुला सुचली कशी?
हाक काय सुचत असते! नागनाथमामाची आहे. प्रत्येक मेंढक्याची हाक वेगळी. दोन कळप एकमेकांत मिसळले तरी ज्याच्या त्याच्या हाकेला ज्याची त्याची मेंढरं निघून येतात. मी मामामागं हिंडलो, म्हणून मला हुबेहूब जमते.
"मग मामाला विचारलंस?"
घरातल्या घरात काय विचारायचं! मामाकडं तर बटणाचा मोबाईल.
जाताना म्हणाली, एक जुना कृष्णधवल पिक्चर बघ, मोठ्या हिरोचा आहे, तुझ्या कामाचा. गाडीत अर्धा बघितला. हिरो नुसता आरशात बघतो. मारामारी नाही, काही नाही. बंद केला.

९ मार्च
रामप्रसादला माझ्यापेक्षा जास्त लाइक. लोकांना अक्कल नाही.

१३ मार्च
देवगाव फाट्याजवळ मामाचा कळप रस्त्यावर पळाला. एक ट्रॅक्टर चालला होता, त्याच्या डेकवर मोठ्यानं ती हाक लावलेली. मेंढरांना वाटलं, मामाच बोलवायलाय. दोन मेंढ्या मागनं आलेल्या ट्रकखाली गेल्या.
रामप्रसादचीच रील असणार! रागारागात मामाकडं गेलो. म्हणलं, केस करू त्याच्यावर. मामा मेलेल्या मेंढीचं कोकरू दुसरीला पाजायला लावत होता. वर न बघता म्हणाला, "मेंढराला काय कळतंय बाबा, तुझी का त्याची."
म्हणजे काय! मी काय केलं?

२९ मार्च
परत मामाकडं आलो. उद्या व्हिडिओ काढायचा. मी हाक काढणार आणि सगळा कळप माझ्यामागं पळत येणार. मग कळंल खरा कोण! रामप्रसादची बोलती बंद.
मामानं आज हाक काढलीच नाही. मेंढरं नुसती काठीनं वळवली.

३० मार्च
ढेकळात मोबाईल रोवला, टॉवेल बांधला, हाक काढली. परत काढली. घसा बसेपर्यंत काढली. एकाही मेंढरानं मान वर केली नाही.
सरजामामी भाकरी थापत होती. म्हणाली, मामानं हाक बदललीय, मेंढ्या ट्रकखाली गेल्या त्या दिवसापासून मेंढरांना नवी शिकवायलेत.
मी म्हणलं, कशी आहे, काढून दाखव की.
"मला येत न्हाई," म्हणाली. "आन् तू हितं हायस तवर ते काढणार न्हाईत."