खिडकीतले पाय

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असावी. आष्ट्याच्या पेठेतल्या पीरमहंमद कापडवाल्यांच्या घराची दगडी दर्शनी भिंत तशीच ठेवायची, मागे चार मजली अपार्टमेंट. कल्पना संपूर्ण माझी. पीरमहंमद आता नाहीत. पत्नी रहिमतबींची अट एकच: वरच्या कमानीच्या खिडकीमागचा फ्लॅट त्यांना. नवरा आटपाडीच्या बाजाराला गेला की त्या तिथं बसून वाट बघायच्या. शब्द दिला. विश्वजीतचा शब्द म्हणजे शब्द.

२० एप्रिल
मागचं सगळं पाडलं. भिंत एकटी उभी, लोखंडी टेकूंवर. खिडकीतून पलीकडचं आभाळ दिसतं. फार वेळ बघवलं नाही.
केरबा गवंडी म्हणतो, जुना मजला उंच, नवा बुटका, स्लॅब खिडकीच्या मधोमध येणार. त्याला व्हिजन नाही. उंच ठेवले तर तीनच मजले बसतात. ब्रोशरमध्ये चार छापलेत.

११ नोव्हेंबर
स्लॅब खिडकीच्या मधोमध आला. वाईट दिसत नाही. वरच्या फ्लॅटला खिडकी फरशीपासून गुडघ्यापर्यंत मिळते. हा मॉडर्न टच. काम कुणी केलं ते कुणाला सांगू नका, असं केरबा म्हणाला. विनयी माणूस.

८ जानेवारी
काम सुटल्यावर वरच्या फ्लॅटमध्ये एक बल्ब लावून एकटाच फेऱ्या मारतो. विचाराला एकांत लागतो. मोकळ्या खोलीत पावलं घुमतात. कधी वाटतं, एक पाऊल जास्तीचं वाजतंय. मी थांबलो की तेही थांबतं. एको आहे. फर्निचर आलं की जाईल.

१९ जानेवारी
पेठेत अफवा. दिवेलागणीला खिडकीत नुसते पाय फिरतात, वर धड नाही. पप्पू पानवाल्यानं पाहिले म्हणे. दोन बुकिंग रद्द. उद्या स्वतः वर जाऊन अफवा मोडून काढणार.

२० जानेवारी, सायं. ७.१५
साडेसहा ते सात वर होतो. फ्लॅट चालून चालून तपासला. पाय कुणाचेच दिसले नाहीत. खाली उतरलो तर ही गर्दी. आज लय स्पष्ट दिसले म्हणे, तपकिरी बुटांसकट. माझेही तपकिरीच आहेत. योगायोग. जिना उतरताना मागे वळून पाहिलं, एवढंच.

२ फेब्रुवारी
रहिमतबींना ताबा. सोबत मुलगा अश्फाक. त्या खिडकीपाशी गेल्या. खिडकी गुडघ्याखाली. वाकून बघायला गेल्या, जमेना. अश्फाकनं धरून फरशीवर बसवलं. मी मॉडर्न टच समजावायला तोंड उघडलं होतं.
"इतं बसून कुणाची वाट बघू रं?" एवढंच त्या म्हणाल्या.
अश्फाकनं चावी माझ्या हातात ठेवली. पाडकामापासून राहतायत त्या समोरच्या भाड्याच्या खोलीतच ते राहणार आहेत. मला लाज वाटली. थोडा वेळ नाही, घरी जाईपर्यंत.

१० फेब्रुवारी
पप्पूनं मोबाइलवर भुताचा फोटो दाखवला. डाव्या बुटाची नाडी सुटलेली. माझी कायम सुटलेली असते.
'भूत नाही, बिल्डर आहे' असा बोर्ड लावावा का? बुकिंग वाढेल असं वाटत नाही.

११ फेब्रुवारी
आधी रहिमतबींना सांगायला गेलो. खोलीच्या दारात खुर्ची, तोंड समोरच्या कमानीच्या खिडकीकडे. पाय माझे आहेत, माफ करा, उद्यापासून वर जाणार नाही, असं सांगितलं.
त्या म्हणाल्या, "मला पयल्या दिवसापास्नंच ठाव हाय. अश्फाकचं अब्बा बी दुकान बंद केलं की तितंच फेऱ्या मारायचं. तू फिरत ऱ्हा. फकस्त बूट काढ. ते घरात बूट घालत न्हवतं."

१२ फेब्रुवारी
बूट दारात काढले. साडेसहा ते सात फेऱ्या. आवाज नाही, एकोही नाही. फरशी फार गार आहे. मीच निवडली होती. सात वाजता गुडघे टेकून, वाकून बाहेर पाहिलं. रहिमतबींनी खुर्ची अजून आत घेतली नव्हती, म्हणून आणखी दहा मिनिटं फिरलो.