दार उघडलं, डबा गप्प

मंगळ. ४ नोव्हें.
दुपारी जेवून पडलो. जाग आली तर सुमनची खाट रिकामी, दार सताड उघडं. अलार्म वाजलाच नाही. लेकीने, वैशालीने, एवढ्याचसाठी बसवून दिला होता, आई बाहेर पडली की बाबांना कळावं म्हणून. दाराला बिनतारी चकती, भिंतीवर डबा.
अनवाणी पळालो. तुंगार्ली तळ्याच्या बांधावर सापडली. शेजारच्या बंगल्याचा माळी दत्तू तिचा हात धरून उभा. मला म्हणाली, "आईकडं निघाले तर ह्यो सोडीना." तिची आई जाऊन तीस वर्षं झाली. आजार वाढतोय तशी बोली माहेरची होत चाललीय.
घरी येऊन बघितलं, माझ्या तळव्यात काटा होता. काढला. तेवढ्यात सुमन झोपलीसुद्धा.
डब्यावर दिवा हिरवाच. म्हणजे सगळं ठीक.

बुध. ५
कंपनीचा माणूस आला. दार पाच वेळा उघडलं, पाचही वेळा वाजलं. म्हणाला, "काका, सेल नवे आहेत. तुम्हाला झोपेत ऐकू आलं नसेल."
असेलही. सगळा दिवस तेच मनात.

शुक्र. ७
दत्तू अळूची पानं घेऊन आला, मावशींना आवडतात म्हणून. बोलता बोलता म्हणाला, "भाऊ, मंगळवारी आमचं गेटबी बंद पडलं हुतं. रिमोटचं बटन दाबून बसलं हुतं, माज्या खिशातच. संध्याकाळी कळलं."
रिमोट मागून घेतला. त्याला बटण दाबून धरायला सांगितलं आणि मी दार उघडलं. डबा गप्प. बटण सोडलं, दार पुन्हा उघडलं. वाजला. तीन वेळा करून बघितलं.
दोन्ही एकाच लहरीवर बोलतात. रिमोटच्या कलकलाटात चकतीची हाक डब्याला पोचत नाही. चकतीही ओरडून मोकळी, पोचलं का ते विचारत नाही. आणि डबा? काही ऐकू आलं नाही म्हणजे ठीकच आहे असं धरून चालतो. चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली. आमच्याकडे तार तुटली की दिवा लाल व्हायचा. कळत नसेल तर गाडी थांबवा, हे पहिल्या आठवड्यात शिकवायचे.
दत्तू पायरीवर बसला. "म्हंजे माज्यामुळं मावशी..."
"तुझ्यामुळे सापडली," म्हटलं. चहा घेतला नाही त्याने.

रवि. ९
वै. पुण्याहून आली. फोनवर सांगणार होतो, जमलं नाही. दत्तूचा रिमोट घेऊन करून दाखवलं. तिने स्वतःचा मोबाइल उघडून समोर धरला; डब्याचा दिवा त्यातही दिसतो. म्हणाली, "ऑफिसात दिवसातून दहा वेळा हा हिरवा दिवा बघते, बाबा. बघितलं की कामात लक्ष लागतं." मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच होती.
तिचं हे एवढं समाधान काढून घेतलं. पण न सांगून...

बुध. १२
कंपनीला लिहिलं होतं. उत्तर आलं: अशी तक्रार पहिलीच आहे.
जुन्या पद्धतीने तार ओढली. दाराला चुंबकाचा स्विच, खाटेजवळ घंटा. दार उघडलं तर वाजेल, तार तुटली तरी वाजेल. स्टुलावर चढलो की गुडघा बोलतो. सुमन खाली उभी राहून एकेक क्लिप हातात देत होती, न मागता, बरोबर वेळेला. किती दिवसांनी दोघं मिळून काही केलं.
"कोन जातंय भायेर?" तिने विचारलं.
मांजर, म्हणालो.
दोन क्लिपा झाल्या. "मी जाते का वो?"
हातोडी खाली ठेवली. व्हय म्हणालो.
"मग मला कुनी सांगितलं का न्हाई?"
स्टुलावरून उतरून तिच्याशेजारी बसलो. काम उद्यावर.

शनि. १५
सकाळी दहाला घंटा वाजली. दारात सुमन. केस विंचरलेले, पिशवीत एक लुगडं आणि माझा टॉवेल. घंटेने दचकली नाही. म्हणाली, "वाजलं. आता तुमाला म्हाईत झालं. जाऊ?"
आत आणायला हात धरला. मग चपला घातल्या. तिच्याही पायात घातल्या.
एसटी स्टँडवर बसून लिहितोय. पवनानगरची गाडी यायची आहे, तिथून पुढे तिकोणा पेठ, तिचं माहेर. घर आहे, तिचा धाकटा भाऊ आहे, त्याला फोन केलाय. वै.ला नाही केला अजून.
सुमनने मघाशी विचारलं, "आई वळखंल का मला?"
ओळखेल म्हणालो. उतरल्यावर काय सांगायचं, ठरलेलं नाही. गाडी लागली.