आल्बीच्या खोलीतल्या सहा बंदुका

१० मार्च, मंगळवार

आल्बी गेला, आणि जाताजाता मला कामाला लावून गेला. वकिलानं आज पाकीट दिलं. आत एक किल्ली आणि आल्बीच्या हातची चिठ्ठी — "सहा लेननं निवडाव्यात. पाच नाही, सात नाही. उरलेल्या संग्रहालयाला." बस्स! चाळीस वर्षांची दोस्ती, आणि शेवटचा निरोप असा, किराणा सांगितल्यासारखा. आल्बीच तो!

संग्रहालयाची गाडी २७ तारखेला येणार. बंदुकांच्या खोलीला किल्ल्या दोनच. एक आता माझ्याकडे, दुसरी त्याच्या बायकोकडे, नोरीनकडे.

११ मार्च

गेलो. नोरीननं दारातच अडवलं. "आधी चहा. दीडशे वर्षं थांबल्यात त्या, अजून अर्धा तास थांबतील."

वाळलीय. एवढ्या उन्हात अंगात आल्बीचं लोकरी जाकीट. टेबलाशी त्याच्या खुर्चीवर टेकणार तेवढ्यात म्हणाली, "तिथं नको, लेन." आवाज साधाच होता. पण मी उठलो.

दगडी खोली मागच्या अंगणात, घरापासून साठेक पावलांवर. खाणीच्या काळात सुरुंगाची दारू ठेवायला बांधलेली. भिंती हातभर जाड, खिडकी नाही, वर पंजाएवढा झरोका. आत गेलं की बाहेरचे मॅगपाय पक्षीसुद्धा गप्प झाल्यासारखे वाटतात. एकावन्न बंदुका. सगळ्या ठासणीच्या, सगळ्या इकडे सोनं सापडल्यावरच्या धावपळीच्या त्या दहा वर्षांतल्या. दुसऱ्या काळातली आल्बीनं कधी घेतली नाही. "एकच दशक, पण पुरतं," म्हणायचा.

मी आधी प्रत्येकीत गज सोडला. आल्बीचा नियम — हात लावायचा तर आधी आवाज ऐकायचा. पितळी गज नळीत सोडला आणि तळाचं लोखंड लागलं की टिंग! रिकामी. ठप झालं की आत माल आहे. पुसायलासुद्धा गज सोडल्याशिवाय कुणी बंदूक उचलायची नाही, नोरीननंही नाही.

एकावन्न वेळा टिंग. मला हे काम आवडतं. तेराव्या वर्षी शाळा सुटली, पुढं पंचेचाळीस वर्षं बोअर खणले. खाली पाणी आहे की नुसता खडक, हे पाइपाला कान लावून सांगायचो. लोक हसायचे, मग पाणी लागायचं.

१३ मार्च

तीन ठरल्या!

चकचकीत नकोत हे पक्कं केलंय. चकचकीत बंदूक म्हणजे कुणी वापरलीच नाही ती. पहिली — मेंढपाळाची दुनळी. दस्ता मोडलाय आणि चहाच्या डब्याचा पत्रा खिळे मारून बसवलाय. ज्यानं बसवला तो माझ्यासारखाच असणार, दुकान शंभर मैलांवर. दुसरी — सहा नळ्यांचं फिरतं पिस्तूल, धरलं की मनगट दुखतं. कुठल्यातरी तंबूत उशाखाली झोपलेलं. तिसरी — बाईच्या हातमोज्यात मावेल एवढं पिस्तूल. याला बघून नोरीन म्हणाली, "हे मला चाळीस वर्षांपूर्वी मिळालं असतं तर आल्बीनं इतकी जमवलीच नसती." हसलो दोघंही. बरं वाटलं. हसली ती.

१४ मार्च

रसेल आला. निवृत्त मास्तर, संग्रहालयाचं काम फुकट बघतो आणि त्याची वसुली बोलून करतो.

"पंपवाल्याला यातलं काय कळतं रे, म्हाताऱ्या?"

"मास्तराला पंपातलं कळतं तेवढं."

मग कोपऱ्यातल्या आखूड बंदुकीपाशी थांबला. सोनं नेणाऱ्या गाडीबरोबरच्या शिपायाची. दस्त्यावर तळहातानं घासून घासून एक उजळ डाग पडलाय. माझा तळहात त्यावर बरोबर बसतो. रसेल म्हणाला, "यांचा एक नियम होता. पहारा बदलताना बंदूक रिकामी द्यायची नाही. जाणाऱ्यानं स्वतः ठासायची आणि मगच पुढच्याच्या हाती."

"आणि पुढचा आलाच नाही तर?"

"तर उभं राहायचं." आणि झुकिनीच्या केकचा तिसरा तुकडा उचलला.

ही चौथी.

१६ मार्च, सोमवार

ठप.

आज शिपायाच्या बंदुकीत गज सोडला आणि ठप झालं. परत सोडला. ठप. मातीत काठी रुतल्यासारखं.

अकरा तारखेला हिच्यातून घंटा वाजली होती. माझा कान चुकत नाही.

गजाला स्क्रू लावून उपसलं. आधी कागदाचा बोळा, मग शिशाची गोळी — नवी, नखानं ओरखडा उठेल अशी चमकणारी — मग खालची दारू. कोरडी. चाप ओढला असता तर उडाली असती.

शिसं वितळवून गोळ्या या घरात नोरीनच ओतायची. तिच्या स्वयंपाकघरात, जॅमच्या पातेल्याशेजारी.

बोळा उलगडला. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं. चौकोनात पेन्सिलीची अक्षरं, तिचीच. रोज सकाळी सोडवते ती.

गोळी आणि कागद खिशात घातला. बंदूक होती तिथं ठेवली. घरात जाऊन चहाबरोबर स्कोन खाल्ले. हवामानावर बोललो!

१७ मार्च

झोप नाही. स्पष्ट लिहितो — नोरीन स्वतःला संपवायचं बघतेय.

विचारावं तर कसं? इकडची रीत अशी, दोस्ताची बंदूक भरलेली सापडली तर गुपचूप रिकामी करायची, जागच्या जागी ठेवायची, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. चूक ज्याची त्याला लाज वाटायला नको. आमच्या नेमबाजीच्या क्लबात सगळे असंच वागत आलेत. एकदा माझीही आल्बीनं अशीच रिकामी केली होती. मला सहा वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्याकडून.

म्हणून रोज जायचं. निवड लांबवायची. सहा बंदुका निवडायला माझ्यासारख्याला एक सकाळ पुरे, पण मी सतरा दिवस घेणार.

१८ मार्च

टिंग.

१९ मार्च

टिंग. नोरीन म्हणाली, "घाई करू नकोस हो. सावकाश निवड. रोज ये." रोज ये! हिला सोबत हवीय आणि तोंड उघडत नाही. मीही उघडत नाही. शहाणे आम्ही!

मग अचानक — "व्हॅल गेल्यापासून तू नीट जेवतोस का, लेन?" माझी व्हॅल जाऊन दोन वर्षं झाली. आज काय एकदम? म्हटलं, डबे गरम करतो, मजेत आहे. माझ्या हातांकडे बघत राहिली.

२० मार्च

दुपारी तीनला गेलो. फाटक ओलांडलं आणि अंगणात पाय रोवून उभा राहिलो. दगडी खोलीतून आवाज. बंदूक ठासण्याचा — दोनदा लांब, एकदा आखूड. दोनदा लांब, एकदा आखूड.

आल्बी असाच ठासायचा. मैदानावर आम्ही त्याला चिडवायचो, "बाबा, दार ठोठावतोयस की काय!"

धावलो. या वयात! दाराला कुलूप. उघडलं, आत कुणी नाही. गार. शिपायाची बंदूक कोपऱ्यातून निघून तिथल्या पुसायला बसायच्या खुर्चीला टेकलेली, दस्ता दाराकडे. गज सोडला — टिंग. मीच येऊन थांबवलं म्हणायचं?

घरात गेलो तर नोरीन नळाखाली हात धूत होती. खूप वेळ धूत होती. "टोमॅटोची चटणी करत होते," म्हणाली. शेगडीवर काहीच नव्हतं.

तिला पोचायला वेळ मिळाला असेल. मागच्या वाटेनं. साठ पावलं. मिळाला असेल.

२१ मार्च

पाचवी आणि सहावी ठरली. टपालगाडीच्या रखवालदाराची रुंद तोंडाची, आणि एक पोलिसाचं पिस्तूल, ज्यावर कुणीतरी मालकाचं नाव कानशीनं घासून टाकलंय. इतक्या मेहनतीनं नाव कोण घालवतो? म्हणूनच घेतलं.

यादी नोरीनला वाचून दाखवली. पाच नावांवर मान हलवली. शिपायाच्या बंदुकीवर थांबली.

"ती नको घेऊस."

"का?"

"ती संग्रहालयात शोभेल. रसेलला हवीय."

"रसेलला सगळंच हवं असतं. केकसुद्धा."

हसली नाही. "लेन, माझं एवढं ऐक. दुसरी कुठलीही घे. भिंतीवरची कुठलीही."

"मला तीच हवीय, नोरीन."

कप आपटलाच तिनं. तिला ती इथून हलायला नकोय. मला उद्याच हलवायचीय. पण आज उचलून नेली तर तिला कळेल की मला कळलंय. मग घरात दोरी आहे, गोळ्या आहेत, मागं धरण आहे. निदान ही एक जागा मला माहीत आहे. जिथं माहीत आहे तिथं पहारा देता येतो.

२३ मार्च

ठप.

याही वेळी नवी गोळी. याही वेळी कोड्याचा कागद, कालच्या तारखेचा. उभ्या तीनमध्ये तिनं लिहिलेलं — "परतणे".

उपसताना घाम नळीवर ठिबकत होता. मागं कुणीतरी श्वास धरून उभं आहे असं वाटत राहिलं. वळलो नाही. बोअरवर शिकलोय, खालून चमत्कारिक आवाज आला की हात चालू ठेवायचा.

गावातल्या नव्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, थेट विचारा. शहरातनं आल्यात!

२४ मार्च

विचारायला गेलो. टोमॅटोची चटणी घेऊन आलो. बाटली भरून.

२५ मार्च

टिंग. पण आज माझ्या आधी कुणीतरी बंदूक हाताळली होती. नळीच्या तोंडाशी बोटाएवढी ओल, पुसल्यासारखी. पुसायची कशाला, भरायची असेल तर?

२७ मार्च, शुक्रवार

संपलं.

रसेलची गाडी दहाला आली. पंचेचाळीस बंदुका गोधड्यांत गुंडाळून नेल्या. त्याच्या मदतीला आलेले दोघे खोलीत शिरले आणि दबक्या आवाजात बोलायला लागले, जसं प्रेत असलेल्या घरात बोलतात. रसेलसुद्धा! त्याला गप्प मी पहिल्यांदा बघितलं.

सहा माझ्या गाडीत. शिपायाच्या बंदुकीत मी सगळ्यांसमोर गज सोडला. टिंग! नोरीन दारात उभी होती, ओठ दाबून. बंदूक गाडीत ठेवताना माझा दंड धरला. तिच्या हाताला एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"फोन करशील?"

"करतो की."

"रोज?"

"रोज."

बावीस किलोमीटर गाडी हळू चालवली. दगडी खोली रिकामी. तिच्या अंगणात आता भरायला काही उरलं नाही. सहाही माझ्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली गळ्यात. आल्बी, तुझी बायको जगेल. तुला हेच हवं होतं ना? म्हणून मला बोलावलंस?

आज भूक लागली. अंडी तळली, तीन.

२८ मार्च, शनिवार

सकाळी नोरीनची जुनी गाडी दारात. ती स्वतः चालवत आली. गेली चार वर्षं तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. बसायच्या आधी टेबलावर जॅमची बरणी ठेवली. आत शिशाच्या नऊ गोळ्या.

"ती बंदूक मला परत दे, लेन. नऊ वेळा मी रिकामी केली. तू भरून ठेवायचास आणि मी उपसायचे. तुला लाज वाटू नये म्हणून बोलले नाही. पण इथं तू एकटा, इथं मला उपसता येणार नाही."

बोळ्यांचे कागदही तिनं जपून ठेवले होते. निळ्या रेघांचे. याच वहीचे. माझं अक्षर.

मी खिशातल्या दोन गोळ्या काढून तिच्या बरणीशेजारी ठेवल्या. कोड्याचे कागद ठेवले. तिनं दोन्ही कागद उलटसुलट करून बघितले. मग म्हणाली, "माझी कोडी मी कापून वहीत चिकटवते. एकही गेलेलं नाही."

ही वही पहिल्या पानापासून चाळली. दोघांनी मिळून. एकही पान फाटलेलं नाही.

ती माझ्यासमोर बसलीय. मी हे लिहितोय, ती बघतेय. कपाट पलीकडच्या खोलीत आहे. दार लोटलेलं. आम्ही दोघंही ऐकतोय.