अंगी लागलेलं जेवण

गुरुजी, तुमच्या पोटाचा मला फार हेवा वाटायचा. वर्गात कविता शिकवताना तुम्ही निम्मा फळा झाकायचात आणि आम्ही पोरं खुसूखुसू हसायचो. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, तेव्हा कळलं की ते पोट तुम्ही आणि काकूंनी मिळून कमावलेलं होतं.

वीसेक वर्षं झाली, पण तुमच्याकडे जेवायला आलो तो रविवार अजून डोळ्यांसमोर आहे. आम्ही नवं जोडपं, दोघंही काडीसारखी. महाल वस्तीतले शेजारी म्हणायचे, जोडा शोभतो. काकू डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला गोळाभात वाढतायत, तुम्ही वरून फोडणीचं चरचरतं तेल घालताय, तेही आधी त्यांच्या ताटात.

"अहो, डॉक्टरनं तेल बंद सांगितलं ना!"

"मले सांगितलं. तुले कुठं सांगितलं?"

काकूंनी आपल्या ताटातला गोळा मोडला आणि अर्धा तुम्हाला वाढला. मग माझ्या बायकोकडे वळल्या. "काहून वं, इतकी बारीक? हा उपाशी ठेवून राहिला का तुले?"

ती हसली. "यांचं झाल्यावर मी बसते, काकू. अन् जेवताना यांची कविता सरतच नाही."

तुम्हाला हसताहसता ठसका लागला. मी मात्र त्या अर्ध्या गोळ्याकडे बघत राहिलो.

घरी मी तिला चंद्रकोर म्हणायचो. वाटायचं, कुठल्याही बाईला हे आवडेल. वर्षाच्या आत ती माहेरी, काटोलला गेली. आणायला गेलो तर दारात गाल भरलेली, तजेलदार बाई उभी. आनंद व्हायचा सोडून मला सासूच्या चुलीचाच राग आला. "चल," म्हटलं.

"इथं मले भूक लागते," ती म्हणाली. भांडली नाही, रडली नाही. परत आलीही नाही. गल्लीत लोक म्हणाले, किडकिडीत बाई संसारात टिकत नाही. मी मान डोलावली.

काटोलहून परतलो त्या दिवशी एसटीतून उतरून मी सरळ तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही दोघं समोरासमोर जेवत होता. "ये गा, हात धू," तुम्ही म्हणालात. काकू ताट घ्यायला गुडघ्यावर हात टेकून उठू लागल्या, आणि तुम्ही उष्टा हात आवरून डाव्या हातानं त्यांचं कोपर धरलंत. मला ते बघवेना. उंबऱ्यातूनच वळलो.

हे पत्र तुमच्या हाती न पडलेलंच बरं. तुम्ही ते काकूंना वाचून दाखवाल आणि माझ्यासाठी हळहळाल, तेही दोघं मिळून. वळताना मी "जेवून आलो" म्हणालो होतो. नव्हतो आलो, गुरुजी.